विलायतेचा वैवाहिक व्हिसा

लग्न लागल्यावर नवरानवरींनीं एका घरांत नांदावें, यासाठीं कोणाची परवानगी लागत असेल ही कल्पनाहि आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांच्या मनाला शिवत नाहीं. सप्तपदी झाली, मुलीनें माप ओलांडलें, तांदळांत नवें नांव लिहिलें गेलें, कीं तो प्रश्न मिटला. परंतु वर किंवा वधू ब्रिटनची रहिवासी असली म्हणजे घराच्या उंबरठ्याआधीं दुसरा एक उंबरठा लागतो. तेथें बसलेल्या अंमलदारापुढें वऱ्हाडी मंडळी साक्ष देऊं शकत नाहींत. साक्ष द्यावयाची ती कागदांनीं. हे कागद कोणते, ते कां मागितले जातात, आणि ते खरे व वेळेवर नसले तर काय होतें, याची चौकशी मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतून मुहूर्त धरल्यानंतर सुरू होते. वास्तविक ती मुहूर्तापूर्वीं व्हावयास पाहिजे.

आरंभींच एक घोटाळा दूर केलेला बरा. ब्रिटनमधील जोडीदाराकडे जाण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल, किंवा त्याला तेथें कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेला असेल, तर ती कुटुंबाची वाट. तो नुसता नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेला असेल, तर मागून जाणारी व्यक्ति त्याची 'आश्रित' ठरते, आणि त्याच्या व्हिसाचा शेवट तो तिच्याहि वास्तव्याचा शेवट. ही दुसरी वाट अलीकडे बरीच अरुंद झाली आहे. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना, संशोधन करणारे वगळून, जोडीदार बरोबर नेतां येत नाहीं. त्याच वर्षाच्या मार्चपासून वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या शुश्रूषेच्या कामावर नव्यानें जाणाऱ्यांचीहि ती मुभा गेली. 'मुलगा लंडनला असतो' एवढ्या एका वाक्यावर स्थळ पसंत करणाऱ्या मातापित्यांनीं तो कोणत्या व्हिसावर असतो हें त्याच्या पगाराच्याहि आधीं विचारावें. पुढील विवेचन पहिल्या वाटेचें आहे.

ही वाट मुळांत इतकी काटेरी नव्हती. १९६२ पूर्वीं राष्ट्रकुलाच्या नागरिकाला ब्रिटनमध्यें राहावयास जाण्यासाठीं व्हिसा लागत नसे. पारपत्र हातीं असलें आणि बोटीचें तिकीट काढलें, कीं मुंबईहून निघालेला माणूस टिल्बरीच्या धक्क्यावर उतरे. १९६२ च्या कायद्यानें हा खुला प्रवेश संपविला, तरी तेथें स्थायिक झालेल्या पुरुषाच्या पत्नीचा व लहान मुलांचा हक्क राखला होता. १९६९ मध्यें त्यांत एक पाचर बसली : पत्नीनें निघण्यापूर्वीं आपल्या देशांतील ब्रिटिश कचेरींतून प्रवेशाचा दाखला घेतलाच पाहिजे. वाग्दत्त वधूला मात्र हा दाखला त्या काळीं सक्तीचा नव्हता. तिनें तेथें उतरावें आणि तीन महिन्यांच्या आंत लग्न करावें, अशी सवलत होती.

या दोन नियमांमधील फटींतून पुढें एक अत्यंत लाजिरवाणा प्रकार घडला. जानेवारी १९७९ मध्यें हीथ्रोच्या विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. वय ३५. तेथें राहणाऱ्या आपल्या नियोजित पतीशीं लग्न करण्यासाठीं ती आली होती. अंमलदारांना संशय आला कीं हिचें लग्न आधींच झालें असावें, आणि दाखला चुकविण्यासाठीं ही स्वतःला वाग्दत्त म्हणवीत असावी. कागदावरून जें ठरेना तें शरीरावरून ठरविण्याचें त्यांनीं मनावर घेतलें, व एका पुरुष डॉक्टराकडून तिच्या कौमार्याची तपासणी करविली. परत पाठवितील या भीतीनें तिनें संमति दिली होती. अशा तपासणीनें कांहींच सिद्ध होत नाहीं असें वैद्यकशास्त्र सांगतें. पण सिद्ध होत असतें तरी तिचा अधिकार कोणाला होता? फेब्रुवारीच्या आरंभीं लंडनच्या 'गार्डियन' पत्रानें ही हकीगत छापली, तेव्हां दोन्ही देशांत मोठा गहजब झाला आणि ही तपासणी बंद करण्याचा हुकूम निघाला. भारतांतील ब्रिटिश कचेऱ्यांतहि असे प्रकार होत असत, हें संशोधकांनीं सरकारी दप्तरांच्या आधारें २०११ मध्यें उजेडांत आणलें.

शरीराची तपासणी थांबली, तरी मनाची सुरू झाली. परदेशांतून येणाऱ्या पतींसाठीं १९८० मध्यें असा नियम झाला कीं, लग्नाचा मुख्य हेतु ब्रिटनमध्यें प्रवेश मिळविणें हा नव्हता, असें अर्जदारानें स्वतः पटवून द्यावें. एखादी गोष्ट मनांत नव्हती हें सिद्ध करणें किती बिकट असतें, हें कोणताहि वकील सांगेल. लग्न खरें आहे, दोघांनाहि एकत्र नांदावयाचें आहे, एवढें मान्य करूनहि अंमलदाराला अर्ज फेटाळतां येई. त्यांतून भारतीय अर्जदारांच्या बाबतींत एक अजब तर्कशास्त्र निघालें. या लोकांच्या चालीप्रमाणें मुलगी सासरीं जाते. मग हा नवरा उलट बायकोच्या गांवीं कां निघाला? तेव्हां त्याचें मन लग्नांत नसून विलायतेंत असलें पाहिजे! घरजांवयाला आपल्याकडे टोमणे ऐकावे लागत हें खरें. परंतु त्या टोमण्यांचा उपयोग परक्या सरकारनें त्याला दारांतच अडविण्यासाठीं करावा, ही चालीरीतींच्या अभ्यासाची विचित्रच फलश्रुति म्हटली पाहिजे.

हा जाच तूर्त पुरुषांनाच होता. तेथें स्थायिक झालेल्या स्त्रीला नवरा आणणें दुर्घट, आणि पुरुषाला बायको आणणें त्या मानानें सोपें, या भेदाविरुद्ध तीन स्त्रियांनीं स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत दाद मागितली. त्यांतील अब्दुलअझीझ या बाईंचे पति दमणला जन्मलेले, पण पोर्तुगालचे नागरिक होते. २८ मे १९८५ रोजीं न्यायालयानें निवाडा दिला कीं हा स्त्रीपुरुषभेद अन्यायाचा आहे. बाया खटला जिंकल्या. पण भेद नाहींसा करण्याच्या रीति दोन असतात : एकाला सवलत देणें, किंवा दुसऱ्याची काढून घेणें. सरकारनें दुसरी पत्करली आणि तीच कसोटी बायकांनाहि लावली. जून १९९७ मध्यें नव्यानें आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनें हा नियम रद्द केला, तोंपर्यंत सतरा वर्षें गेलीं. एखाद्याचें मूल शाळेंतून बाहेर पडण्याइतका हा काळ होता.

आजहि लग्न खरें आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातेंच. परंतु कसोटीचा भार हेतूवरून पैशावर सरकला आहे. ९ जुलै २०१२ पासून तेथल्या जोडीदाराचें वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असलें पाहिजे, असा नियम झाला. ११ एप्रिल २०२४ रोजीं हा आंकडा २९,००० पौंडांवर गेला. मधल्या काळांत, २०१७ मध्यें, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अशी अट मुळांत बेकायदा नाहीं, पण मुलांच्या हिताकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. त्यानंतर अपवादात्मक प्रसंगीं उत्पन्नाचीं इतर साधनें विचारांत घेण्याची सोय झाली.

या अटींतील खरी मेख निराळीच आहे. अर्जदार भारतांत असेल तर येथील तिचा पगार हिशेबांत धरला जात नाहीं. पुण्यांत उत्तम चालणारा दवाखाना सोडून जाणारी डॉक्टर स्त्री नवऱ्याच्या दुप्पट मिळवीत असली, तरी या नियमापुढें तिची मिळकत शून्य. तिची शिल्लक मात्र चालते. पण तिचाहि हिशेब चमत्कारिक आहे. पहिले १६,००० पौंड मोजलेच जात नाहींत, आणि त्यावरील रक्कम तुटीच्या अडीचपट असावी लागते. तेथल्या जोडीदाराचें उत्पन्न २५,००० पौंड असेल तर तूट ४,००० ची. तिची अडीचपट १०,०००. म्हणजे खात्यांत २६,००० पौंड पाहिजेत. उत्पन्न मुळींच नसेल, तर हीच रक्कम ८८,५०० होते. शिवाय ती सहा महिने खात्यांत मुरलेली हवी. लग्नाच्या आदल्या आठवड्यांत मामांनीं प्रेमानें भरलेली रक्कम कामाची नाहीं. नोकरीच्या उत्पन्नालाहि तोच न्याय आहे : एकाच मालकाकडील सहा महिन्यांचीं वेतनपत्रकें आणि त्यांच्याशीं तंतोतंत जुळणारा बँकेचा उतारा असला कीं काम सरळ होतें. लग्नाच्या उत्साहांत, आतां संसार वाढणार म्हणून अर्जाच्या तोंडावर नोकरी बदलणाऱ्या तरुणाला या नियमाची माहिती नसते.

पैशाची अट जुळली तरी महाराष्ट्रांतील कुटुंबांनीं अधिक सावध राहावयाचें तें लग्नाच्या दाखल्याविषयीं. हिंदु विवाह कायदा, १९५५, याच्या सातव्या कलमाप्रमाणें विवाह घडतो तो विधीनें. सप्तपदी ज्यांच्या विधींत आहे त्यांच्यांत सातवें पाऊल पडतांच तो पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा होय. महाराष्ट्रांत १९९८ च्या विवाह नोंदणीच्या कायद्यानें हा दाखला मिळतो, आणि व्हिसाचा अंमलदार तोच मागतो. आतां व्यवहारांत काय होतें? साखरपुडा दिवाळींत होतो, कार्यालय मिळतें तें पुढील मे महिन्यांत, आणि मधले सहा महिने वायां कां घालवावे म्हणून घरांतील शहाणी माणसें सुचवितात कीं, 'आधीं नोंदणी करून ठेवूं, व्हिसाचें काम मार्गीं लागेल, लग्न मागाहून थाटांत करूं.' सूचना मोठी सोयीची वाटते. पण विधि झालेला नसतांना हिंदु विवाह झाल्याची नोंद करणें म्हणजे न जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला काढणें होय.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ मध्यें नेमक्या अशाच एका प्रकरणीं निवाडा दिला. दोघेहि वैमानिकाचें शिक्षण घेतलेले. त्यांनीं एका संस्थेचा दाखला घेतला, त्यावरून सरकारी नोंदणीहि करून घेतली. विधि मात्र पुढें व्हावयाचे होते. ते होण्यापूर्वींच बिनसलें आणि प्रकरण घटस्फोटाच्या अर्जापर्यंत गेलें. न्यायालयानें ठरविलें कीं येथें विवाहच झालेला नाहीं, दोघें कधीं पतिपत्नी नव्हतींच, आणि ते दाखले रद्दबातल होत. परदेशांतील व्हिसाचा अर्ज लवकर करतां यावा म्हणून आईबाप आधीं नोंदणी उरकून घेतात, या प्रघाताचा उल्लेख करून न्यायालयानें त्याबद्दल स्पष्ट नापसंती दर्शविली. ज्या मुलीचा व्हिसा अशा दाखल्यावर निघाला असेल तिचा पुढील सारा अधिकार, तेथील वास्तव्य, पोटगी, वारसा, कशावर उभा राहणार, याचा विचार घाईंत कोणी करीत नाहीं.

नोंदणीनेंच विवाह व्हावा अशी इच्छा असल्यास त्यासाठीं १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तेथें विवाह अधिकाऱ्यापुढें साक्षीदारांच्या देखत विवाह होतो व तो पूर्णपणें कायदेशीर असतो. परंतु त्यासाठीं तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस देण्यापूर्वीं दोघांपैकीं एकानें निदान तीस दिवस त्या जिल्ह्यांत राहिलेलें असावें लागतें. वर पंधरा दिवसांच्या रजेवर येणार असला, तरी वधू त्याच जिल्ह्यांतील रहिवासी असल्यास तिच्या वास्तव्यावर हें भागतें; नोटिशीचे दिवस मात्र आधींच मोजून ठेवले पाहिजेत. नाहींतर सरळ मार्ग हा कीं, चार माणसांत साधा विधि आधीं करावा, त्याची नोंदणी लगेच करावी, आणि मेजवानी मे महिन्यांत करावी. विधि लहान असल्यानें विवाह लहान होत नाहीं.

दुसरी अडचण नांवाची. माहेरची वैशाली सासरीं ऋजुता होते. मधलें नांव वडिलांचें जाऊन नवऱ्याचें येतें. आडनांव तर बदलतेंच. तिन्ही शब्द बदलल्यावर विश्वविद्यालयाची पदवी, बँकेचें खातें, पारपत्र आणि लग्नाचा दाखला या चार कागदांवर चार निरनिराळ्या स्त्रिया दिसूं लागतात, आणि त्या एकच आहेत हें परक्या अंमलदाराला ओळखतां यावें अशी अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. कायद्यानें नांव बदलण्याची सक्ति कोणावरहि नाहीं. तांदळांतलें नांव घरांत खुशाल चालवावें. अर्ज करावयाचा तो पारपत्रावरील नांवानें. नांव बदललेंच असेल तर महाराष्ट्र राजपत्रांतील प्रसिद्धीची प्रत जोडावी. कोणताहि कागद मराठींत असेल तर त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतें, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचें प्रतिज्ञापन, तारीख, भाषांतरकाराचें नांव, सही व पत्ता असावा लागतो.

नातें खरें आहे हें दाखविण्यासाठीं काय द्यावें, यावर घरोघर वाद होतात. दोघें प्रत्यक्ष भेटलेलीं असलीं पाहिजेत, ही अट आहे. त्यापलीकडे भेटींचीं तिकिटें, लग्नाचीं छायाचित्रें, दूर असतांना झालेल्या संभाषणाच्या नोंदी, पुढें कोठें व कसें राहणार याची माहिती, हें सारें उपयोगी पडतें. शंभर पानांचें संभाषण छापून जोडण्यापेक्षां वर्षभरांतील निरनिराळ्या महिन्यांचीं दहा पानें अधिक बोलकीं असतात. आपल्या आजोबा-आजींना या कसोटीला उतरतां आलें नसतें, ही गोष्ट वेगळी. लग्नापूर्वीं एकमेकांना एकदां चोरून पाहिल्याचा पुरावा त्यांनीं कोठून आणला असता?

बाकीच्या अटी त्या मानानें सरळ आहेत. दोघांचेंहि वय १८ पूर्ण असावें. पूर्वींचा विवाह असल्यास तो संपल्याचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडावा. राहण्याची जागा दाटीवाटीची नसावी. २९ नोव्हेंबर २०१० पासून जोडीदाराला इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. भारतीय विद्यापीठाची इंग्रजी माध्यमांतील पदवी असली तर ब्रिटनमधील नेमलेल्या संस्थेकडून तिची खात्री करून घेतल्यास परीक्षा टळते. मान्यताप्राप्त दवाखान्यांतून क्षयरोग नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. खर्च मात्र जबर आहे. एप्रिल २०२५ च्या दरानें अर्जाची फी १,९३८ पौंड, आणि सरकारी वैद्यकीय सेवेसाठीं वर्षाला १,०३५ प्रमाणें एकरकमी ३,१०५ पौंड, म्हणजे एकूण पांच हजारांवर. अर्ज नाकारला गेल्यास वैद्यकीय सेवेची रक्कम परत मिळते, फी मिळत नाहीं. नकार आल्यावर कौटुंबिक जीवनाच्या हक्काच्या आधारें अपील करतां येतें. भारतांतून त्याची मुदत २८ दिवसांची असते. पुष्कळ लोक ती हळहळण्यांत घालवितात.

व्हिसा मिळाला म्हणजे परीक्षा संपली असें नव्हे. पहिली मुदत ३३ महिन्यांची, मग आणखी ३० महिन्यांची. पांच वर्षें भरल्यावर कायमच्या वास्तव्यासाठीं अर्ज. या काळांत नोकरी करतां येते, परंतु सरकारी आर्थिक साहाय्य मिळत नाहीं. २००३ पर्यंत हा उमेदवारीचा काळ एक वर्षाचा होता, मग दोन वर्षांचा, आणि २०१२ पासून पांच वर्षांचा. तो जितका लांबला तितका एका जोडीदाराच्या हातीं दुसऱ्याचा लगाम अधिक काळ राहिला. संसार मोडला तर व्हिसा जातो, हें ठाऊक असलेल्या स्त्रीनें मारहाण मुकाट सोसली, अशीं उदाहरणें इतकीं झालीं कीं, १९७९ मध्यें स्थापन झालेल्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या लंडनच्या संस्थेनें त्यासाठीं वर्षानुवर्षें झगडा केला. १९९९ मध्यें सवलत मिळाली व २००२ मध्यें ती नियमांत आली. घरांतील छळामुळें लग्न मोडलें, तर या वाटेनें गेलेल्या पतीला किंवा पत्नीला पांच वर्षांची वाट न पाहतां कायमचें वास्तव्य मागतां येतें; आणि हातीं पैसा नसेल तर तीन महिने सरकारी मदत मिळून अर्ज करण्यास अवधि मिळतो. नुसत्या आश्रितांच्या व्हिसावर असलेल्यांना कायमच्या वास्तव्याची ही सोय नाहीं. दोन वाटांतील भेद येथें सर्वांत अधिक बोचतो.

या सवलतींत एक भोंक बराच काळ राहिलें होतें. माहेरीं जाऊन येऊं म्हणून बायकोला भारतांत आणावयाचें, तिचें पारपत्र घेऊन एकट्यानेंच परत जावयाचें, आणि मग फोन उचलावयाचा नाहीं. ब्रिटनच्या बाहेर असल्यामुळें तिला अर्जच करतां येत नसे. ३१ जानेवारी २०२४ पासून अशा रीतीनें परदेशांत टाकून दिलेल्या जोडीदाराला तेथूनच कायमच्या वास्तव्याच्या हक्कासह प्रवेशाचा अर्ज करण्याची तरतूद झाली आहे. हें अनेक माहेरच्या मंडळींना माहीत नसतें, आणि मुलगी 'तडजोड होईल' या आशेवर महिनेच्या महिने काढते.

पूर्वीं वास्तव्याचा पुरावा म्हणून एक कार्ड मिळत असे. २०२४ च्या अखेरीस तीं कार्डें संपुष्टांत आलीं आणि आतां हा पुरावा ब्रिटिश सरकारच्या संगणकावरील खात्यांत असतो. तें खातें उघडतांना द्यावा लागणारा ई-मेलचा पत्ता आणि मोबाईलचा आंकडा अनेक घरांत सोय म्हणून नवऱ्याचाच दिला जातो. ते दोन्ही तिचे स्वतःचे असावेत, आणि पारपत्र, लग्नाचा दाखला व व्हिसाचा निर्णय यांच्या प्रती निघण्यापूर्वींच माहेरच्या कपाटांत ठेवलेल्या असाव्यात.